बेसवरचं बोट

हे खरं घडलेलं आहे. भुताच्या गोष्टी मला आवडतात, पण ऐकायला. स्वतःवर बेतल्यावर त्यातली मजा गेली.

आणि आधीच सांगून ठेवते, अमावास्येची रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती, फेब्रुवारीतली. मटाराचा हंगाम संपत आलेला. जागा म्हणाल तर कामथडीच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत, एक शीतगृह. नाव सांगत नाही. मालक ओळखीचे आहेत आणि मला अजून या भागात धंदा करायचा आहे.

मी फौजिया, भोरची. कापूरहोळच्या फाट्यावर माझं दुकान आहे, पंक्चरवाला आणि ढाबा यांच्या मधोमध. इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करते. शेतातल्या मोटारींचे स्टार्टर, इन्व्हर्टर, डेअरीतली मशिनं, जे येईल ते. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मेस्त्री कुठं गेले?" मी म्हणते, "जेवायला." मग अर्धा तास वाट बघून बोर्ड माझ्याच हातात ठेवतं.

तर, आनंदरावांचा फोन आला. शीतगृह त्यांचंच.

"ताई, गोठवणीच्या खोलीबाहेरचा बझर तेवढा तोडून टाका. आपोआप वाजतोय."

"आपोआप म्हणजे?"

"म्हणजे… आत कुणी नसताना."

हमाल आत जायला तयार नव्हते. माल उचलायला गाड्या येऊन थांबलेल्या. आनंदरावांना बझर दुरुस्त करून नको होता, मुका करून हवा होता.

मला हे आवडलं नाही. कारण तो बझर कशासाठी होता ते मला ठाऊक होतं.

त्या खोलीत मटार गोठवून ठेवतात. शून्याच्या खाली अठरा. दार जाडजूड, मध्ये फोम भरलेलं, बाहेरचा ट्रकचा हॉर्नसुद्धा आत ऐकू येत नाही. आत कुणी अडकलं तर दाबायला दाराशेजारी लाल बटण. बटण दाबलं की बाहेर बझर वाजणार आणि दाराचा विजेवरचा बोल्ट मागं सरकणार. पूर्वी आतून ढकलायला साधा लोखंडी दांडा होता. तो बर्फ धरून तुटला. परत कुणी बसवला नाही.

म्हणजे आतल्या माणसाचा जीव त्या एका बटणावर. आणि मला सांगतात, तोडून टाका!

"आधी बघते," मी म्हणाले.

तिथं रखमाजी काका होते. वयस्कर माणूस, वॉचमन म्हणा, ऑपरेटर म्हणा, सगळं तेच. माझ्याकडे बघून त्यांनी आधी जाड जॅकेट पुढं केलं.

"घाला ताई. हाडं गोठत्यात आत."

आम्ही दारापाशी पोचलो आणि मला तो ऐकू आला.

बझर वाजत नव्हता… कण्हत होता.

बारीक, तुटक आवाज. मध्येच वाढायचा. मध्येच बसायचा.

"आत कोणी आहे?"

"कोन न्हाई ताई," काका म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

दार उघडलं. खरंच कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंना मटाराच्या पोत्यांच्या थप्प्या, वर घरघरणारे पंखे. लाल बटणाला कुणाचा हात लागलेला नव्हता.

मी दारात प्लास्टिकचा क्रेट अडकवला, म्हणजे दार लागू नये. बटणाशेजारी एक डबा होता, त्यातच तो छोटा बोर्ड. असला बोर्ड गोठवणीच्या खोलीत आतल्या बाजूला लावणाऱ्या माणसाची मला आरती करावीशी वाटली. स्क्रू गंजून असे बसले होते की बोर्ड बाहेर काढायची सोयच नाही.

आता थोडं कामाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या बोर्डावर एक ट्रान्झिस्टर होता. त्याला पाण्याच्या तोटीसारखा समजा. बटण दाबलंय का ते बघून बाहेरच्या कंट्रोलरकडून सिग्नल येतो, हो किंवा नाही. तो सिग्नल ट्रान्झिस्टरच्या एका पायावर पोचतो, त्याला बेस म्हणतात. 'नाही' आलं तर तोटी पूर्ण बंद. 'हो' आलं तर तोटी पूर्ण उघडी, बझर जोरात, बोल्ट मागं. अशा सर्किटमध्ये तिसरी अवस्था नसावी. अर्धवट उघडी तोटी म्हणजे काहीतरी बिघडलंय.

मी मीटरच्या चिमट्या लावल्या. तोटी बंद असेल तर मीटरवर बारा व्होल्ट दिसायला हवेत. पूर्ण उघडी असेल तर जवळपास शून्य.

काकांना लाल बटण दाबायला सांगितलं.

सिग्नल तर आला. पण मीटर शून्यावर गेलाच नाही. सहाच्या आसपास थांबला. बझर कण्हला. बोल्ट जागचा हलला नाही.

मी काकांकडे वळले.

"काका, हे बटण दाबून दार उघडतच नाही!"

काकांनी बटणावरचा हात मागं घेतला.

दोष लगेच कळला. मध्यंतरी कंट्रोलर बदलला होता. जुना पाच व्होल्टचा सिग्नल द्यायचा, नवा तीनचा. पण बेसच्या वाटेवर करंट अडवणारा रेझिस्टर मात्र जुनाच ठेवला. सिग्नल कमी पडत होता. बाहेर टेबलावर तपासाल तर बोर्ड कसाबसा चालेल, कारण उबेत ट्रान्झिस्टर जरा तरतरीत असतो. इथल्या थंडीत तो अर्ध्यावरच अडकणार. बसवणाऱ्यानं बाहेर तपासलं असणार, चाललं म्हणून बसवलं असणार. सिग्नल येतो का, बघितलं. ट्रान्झिस्टर चांगला आहे का, बघितलं. थंडीत तोटी पूर्ण उघडते का, ते कुणीच बघितलं नाही.

छोटा रेझिस्टर लावला की काम झालं. मला तर हुरूप आला.

पण मग आत कुणी नसताना बझर का कण्हत होता?

म्हणून मी सिग्नलची वायरच काढून टाकली. आता बेस मोकळा. कुठूनच काही येणार नाही. मीटरवर बारा.

बारा आलेही.

मग… अकरा.

दहा.

साडेआठ.

तिथंच थांबला.

साडेआठचा आकडा मला ओळखीचा वाटला. शिकत असताना आमचे सर एक गंमत करायचे. मोकळ्या बेसवर बोट टेकवायचे. माणसाच्या ओलसर बोटातून जरासा करंट जातो आणि ट्रान्झिस्टर थोडासा उघडतो. अर्धवट. पूर्ण कधीच नाही.

मी पुसून घेतलं. दमट असेल, बर्फ असेल. स्पिरिटनं बेसचा पाय स्वच्छ केला. तिथं एक डाग होता, वाटाण्याएवढा, पिवळट. निघाला.

साडेआठच.

मी हातमोजा काढून माझं बोट टेकवून बघितलं. आकडा आणखी खाली गेला. काढलं, परत साडेआठ.

म्हणजे माझं बोट दुसरं होतं.

माझा स्वभाव असा की भीती वाटली की मला थट्टा सुचते. मी मोठ्यानं म्हणाले, "कोण आहे रे? बोट काढ बघू. मला काम करू दे."

मीटर बारावर गेला.

लगेच.

बाहेरचा बझर बंद पडला.

मी हसले, पण ते हसू माझं मलाच ऐकवेना. काकांकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक.

"चला, उरका ताई," ते पुटपुटले. "उगं बोलू नगा हितं."

मलाही उरकायचंच होतं. बॅटरीवरचं सोल्डरिंग मशीन होतं. आता फक्त वीज बंद हवी होती.

"काका, मेन पाडा. आणि मी हाक मारल्याशिवाय चढवू नका हं. माझा हात बोर्डात असणार."

"व्हय ताई. तुमी हाक मारस्तोवर हात लावत न्हाई."

मी डब्यात तोंड घालून बसले होते. मागं काय झालं ते मी बघितलं नाही.

काकांनी जाता जाता क्रेट सारला आणि दार लोटलं.

त्यात त्यांचा दोष म्हणवत नाही. गोठवणीत काम करणारा माणूस बाहेर पडला की दार लोटणारच. "थंडी जाती," हे तिथलं सगळ्यांचं पालुपद. डोक्याला न विचारता हातच दार लावतात.

मला नुसतं 'धप्प' ऐकू आलं. मग बोल्ट सरकल्याचा आवाज.

मग मेन पडला.

अंधार.

पंखे फिरत फिरत थांबले. आणि इतकी शांतता झाली की माझ्या कानात मलाच घूं ऐकू यायला लागलं.

"काका!"

मी दारावर थापा मारल्या. लाथा मारल्या. आवाज फोमनं गिळून टाकला.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काका मेनपाशी बसून राहणार. माझी हाक येईपर्यंत. मीच सांगितलं होतं. आणि माझी हाक त्या दारातून बाहेर जाणार नव्हती. वीज आल्याशिवाय बोल्ट उघडणार नव्हता आणि हाकेशिवाय वीज येणार नव्हती.

माझी पाचावर धारण बसली.

मोबाईल काढला. रेंज नाही. टॉर्च लावला. थोड्याच वेळात थंडीनं बॅटरी खाल्ली आणि मोबाईल बंद पडला. उजेड उरला तो फक्त मीटरच्या पडद्याचा, निळसर, तळहाताएवढा. त्यावर शून्य. वीजच नाही, शून्यच असणार.

हातमोजे चाचपले. एक सापडला, एक नाही. सोल्डरिंगचा चिमटा हातातून निसटला आणि कुठंतरी पोत्यांखाली घरंगळत गेला. खाली बसून शोधायला गेले तर फरशी हाताला डसली.

थंडी आधी दुखते. मग दुखायची थांबते. ते थांबल्यावर मला खरी भीती वाटली.

मी अम्मीची आठवण काढली. दुआ म्हटल्या. रडलेसुद्धा. डोळ्यांच्या पापण्या चिकटायला लागल्या म्हणून रडणं थांबवलं.

तेव्हा…

टक.

माझ्या उजव्या हाताला. अगदी जवळ.

टक… टक.

लाल बटणाचा आवाज होता तो.

मी श्वास धरला.

टक. टक. टक. टक.

कुणीतरी बटण दाबत होतं. आधी सावकाश. मग भराभर. मग वेड्यासारखं.

मग थांबलं.

आणि डब्याचं झाकण करकरलं. मी ते उघडंच ठेवलं होतं, ते आणखी मागं ढकललं गेलं.

मी मीटरकडे बघत राहिले, दुसरीकडे बघायची हिंमतच नव्हती. पडद्यावर शून्य. निळा उजेड. माझ्या तोंडची वाफ त्या उजेडात दिसत होती.

त्या उजेडात बोर्ड दिसत होता. बेसचा पाय दिसत होता.

मी पुसलेला डाग परत आला होता.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. एकदम पंखे सुरू झाले. दिवा लागला. मी किंचाळले, पण घशातून नुसतीच हवा निघाली.

वीज आली होती! माझी हाक गेली नव्हती, तरी आली होती.

आता फक्त ट्रान्झिस्टरचे दोन पाय एकमेकांना जोडायचे, की बोल्ट उघडणार. कशानंही जोडा. मीटरची पिन, वायरचा तुकडा, काहीही. मी पिन उचलायला गेले… आणि बोटं मिटेनात.

दोन्ही हात लाकडासारखे. पकडता काहीच येईना. एक बोट तेवढं ताठ पुढं करता येत होतं.

बोटानं दार उघडत नाही, हे मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. तरी मी ते बेसवर टेकवलं. दुसरं करणार काय?

मीटर दहावर आला. नऊ. बाहेर बझर कण्हला असेल. बोल्ट ढिम्म.

मी जोर लावला. जोर लावून काही होत नसतं, तरी लावला.

नऊ.

"या अल्लाह," मी म्हणाले. आणि मग, मला स्वतःलाच कळलं नाही कसं, म्हणाले, "दादा… बोट लाव."

माझ्या बोटाशेजारी काहीतरी टेकलं.

माझा हात बधिर होता. मला थंडीसुद्धा कळत नव्हती. पण ते कळलं. ते त्या खोलीपेक्षा थंड होतं.

आठ… सहा…

ते माझ्या बोटावर दाबलं जात होतं.

तीन…

शून्य.

खटाक करून बोल्ट मागं गेला. मी खांद्यानं दार ढकललं आणि बाहेर उन्हात पडले.

काका धावत आले. त्यांनी मला पोत्यावर बसवलं, चहा पाजला, माझे हात आपल्या काखेत धरून बसले.

"काका, मेन का चढवलात?"

"आवं, तुमीच की! हाक मारली न्हाई का, 'चढवा' म्हनून?"

"मी नाही मारली."

काकांनी माझे हात सोडले.

"आवाज घोगरा व्हता," ते हळूच म्हणाले. "म्हनलं, थंडीनं बसला आसंल."

मी विचारलं, आत आधी कुणी अडकलं होतं का. त्यांनी ऑफिसकडे बघितलं. आनंदराव फोनवर बोलत होते.

"मालक म्हनत्यात, हार्ट अटॅकनं गेला. ज्ञानू म्हून वायरमन व्हता आमचा, वेल्ह्याकडचा. लई गुनाचा. त्यानं डबा उघडला व्हता, ताई." काकांनी आपलं उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं. "ह्ये बोट… बोर्डावरनं सुटत न्हवतं. गरम पानी वतावं लागलं."

मला तो पिवळट डाग आठवला. मी तो स्पिरिटनं पुसला होता.

मी बझर तोडला नाही. त्या दिवशी तर हातच चालत नव्हते, पण नंतर जाऊन रेझिस्टर बदलला. दार सताड उघडं ठेवून, बाहेर दोन हमाल उभे करून. आणि आनंदरावांच्या डोक्यावर बसून आतून ढकलायचा लोखंडी दांडा बसवून घेतला. तो बसेपर्यंत एक पोतं आत जाऊ दिलं नाही. ते चिडले. चिडू देत.

आता बटण दाबलं की बोल्ट झटक्यात उघडतो. बझर आपोआप कण्हत नाही. काका फोनवर म्हणाले, "सुटला बगा बिचारा. ग्वाड झालं." मलाही तसंच वाटलं होतं. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं.

माझ्या त्या बोटाच्या टोकाला अजून काही कळत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू.

मागच्या आठवड्यात दुकानात एका मोटारीच्या स्टार्टरचा बोर्ड तपासत होते. सकाळची वेळ. शेजारी पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालू. सिग्नलची वायर काढली, बेस मोकळा केला. मीटरवर बारा.

मग अकरा.

दहा.

साडेआठ.

मी दोन्ही हात टेबलावरून काढून मांडीवर घेतले.

साडेआठच.

"ज्ञानूदादा," मी म्हणाले. "दार उघडलं ना. आता बोट काढा."

त्या दिवशी एकदा सांगितल्यावर काढलं होतं.

मी वाट बघितली.

आकडा हलला… पण खाली.

सहा… तीन…

कुणीतरी दाबत होतं. जीव खाऊन दाबत होतं.

मी दुकानाच्या शटरकडे पाहिलं. ते उघडंच होतं. मागचं दारही उघडं होतं. बाहेर ऊन होतं, रस्त्यावरून भोरची एस.टी. चालली होती.

बोर्ड मी तसाच कपड्यात गुंडाळून गिऱ्हाइकाला परत दिला. होत नाही म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बोर्डावरही तेच झालं आणि कालही झालं.

हल्ली मी शटर पूर्ण वर सारून काम करते. घरीसुद्धा दारं उघडी ठेवते, अम्मी ओरडते. तरी मीटर खाली जातोच. इथं कुठलं दार बंद आहे, ते मला अजून कळलेलं नाही.